सावडीत दिलेलं नाव

“तिकीट दाखवा.”

“दाखवतो गो. मोबाइल चार्जिंगला हाय.”

“राहू दे चार्जिंगला. मी तिथं येऊन बघते.”

“आता रेंज नाय.”

“सकाळी प्रज्वलला क्रिकेट दाखवत होता तवा बरी रेंज होती.”

“जेवून घेऊ, मग दाखवतो.”

“माझंच दाखवा. तुमचं नको. तुमचं असणारच.”

सापगावातल्या एका ओटीवर भर दुपारी हे चाललं होतं. हरेश पाटावर, पुढ्यात वाढलेलं ताट, वालाच्या आमटीवर साय धरायला लागलेली. रेश्मा, त्याची बायको, चौकटीला पाठ टेकून उभी. आत तिची सासू हौसा भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबायचा, मग घाईघाईनं दोन-चार थापा जास्त पडायच्या. म्हणजे ती ऐकत होती.

हरेश आणि रेश्मा मस्कतला राहतात. तिथं तो लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक आहे. तीन वर्षं झाली. जूनच्या सुरुवातीला दोघं सुट्टीवर आले आणि अठ्ठावीसला दोघांनी परत जायचं होतं. निदान रेश्माचा तसा समज होता. त्या सकाळी दहा वाजेपर्यंत.

दहाला शेजारची बारकीकाकू आली. पदराला हात पुसत तिनं रेश्माला विचारलं, तू डावखुरी हायस का गो. रेश्माला हसू आलं. काकू म्हणाली, हसतेस काय, डावखुरी असलीस तर ओळीत कडेला उभी करायला बरी, नायतर शेजारणीच्या कोपराला कोपर लागतं. कसली ओळ, असं रेश्मानं विचारलं. काकू म्हणाली, आवणीची.

आवणी म्हणजे भाताची रोपं लावायची, आणि इथं ती लावायची ती सावडीनं. आज आमच्या शेतात तुमची माणसं, उद्या तुमच्या शेतात आमची. कागद नाही, मजुरी नाही. घरात किती हात आहेत ते मोजायचं, नावानिशी सांगायचं आणि तेवढे दिवस द्यायचे. एकदा नाव दिलं की माणूस तापानं फणफणला तरी बदली हात पाठवावा लागतो. शब्द मोडला तर पुढच्या वर्षी त्या घराला सावडीत कुणी घेत नाही. हौसाला तर शब्द न मोडताही बाहेर बसावं लागलं होतं. गुडघे गेले, थोरला मुलगा-सून परदेशी, धाकटा प्रज्वल आटगावच्या गोडाऊनला कामाला. गेल्या वर्षी घरात हातच नव्हते म्हणून बायकांनी त्यांना बाजूला ठेवलं. हौसा ते विसरली नव्हती.

“काकू, मी कुठं असणार आवणीला,” रेश्मा म्हणाली. “अठ्ठावीसला विमान हाय आमचं.”

बारकीकाकू बोटं मोजता मोजता थांबली. “असं कसं? हौसानं तुझे सहा दिवस दिलेत. दोन आमाला, तीन कमळूच्या घरी, एक खालच्या आळीत. वटपौर्णिमेच्या आधीच दिलंय नाव.”

मग तिनं रेश्माच्या तोंडाकडे पाहिलं. तिला एकदम आठवलं की दारात गाय सुटलेली आहे. गाय काही सुटलेली नव्हती, दाव्याला रवंथ करत उभी होती, ओटीवरून दिसत होती. काकू तरी धावतच गेली.

हौसा कशीही असो, खोटा शब्द देणारी बाई नव्हे. हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि रेश्मालाही ठाऊक होतं. सुनेचं नाव दिलं म्हणजे सून असणार. रेश्मा दोन तास गप्प राहिली. कपडे वाळत घातले, तांदूळ निवडले. हरेश बाहेरून आला, हातपाय धुऊन पाटावर बसला, तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली ते तिकिटाचं.

रेश्मा टोकावड्याची. माहेरचं घर माळशेजच्या रस्त्याला लागून. लहानपणभर तिनं घाटात चढणाऱ्या गाड्या पाहिल्या. यष्टी, ट्रक, शनिवार-रविवारी मुंबईकरांच्या मोटारी. स्वतः मात्र कधी सायकलवरही बसली नाही, कारण घरातली सायकल भावाची. लग्न होऊन सापगावला आली आणि वर्षभरात हरेशनं तिला मस्कतला नेलं. पहिले सहा महिने ती खोलीबाहेर पडायची नाही. बाहेर इतकं ऊन की ओढणी वाळत घालून आत वळेपर्यंत कडक व्हायची. ती फोनवर आईला सांगायची, इथं माणसं दिसतच नाहीत गो, नुसत्या गाड्या.

मग शुक्रवार सुरू झाले. शुक्रवारी हरेशला सुट्टी. सकाळी मासळीबाजार. तिथं रेश्मा मासळी उलटून कल्ला बघायची आणि मराठीतच घासाघीस करायची, कोळणीशी करावी तशी, आणि तो दाढीवाला ओमानी म्हातारा त्याच्या भाषेत उत्तर द्यायचा. दोघांचं व्यवस्थित जमायचं. संध्याकाळी समुद्राच्या कडेला घडीच्या दोन खुर्च्या टाकायच्या. हरेश गळ टाकून बसायचा, त्याला तीन वर्षांत एकूण चार मासे लागले. परतताना चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवून हॉर्न वाजवायचा, की वेलचीचा दाट चहा खिडकीत यायचा. हॉर्न वाजवला की चहा मिळतो, याचं रेश्माला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

तिथं ती हरेशला नावानं हाक मारायची, तू म्हणायची. त्यानंच सांगितलं होतं, इथं कोण ऐकतंय. मुंबईत विमान टेकलं की ती कमरेचा पट्टा सोडायची, तसंच ते ‘तू’ही सोडून द्यायची, आणि सापगावला पोचेपर्यंत ‘अवो’ पक्कं करायची.

गाडी शिकायचं तिच्या मनात कधी आलं, ते ती नीट सांगत नाही. शेजारची केरळची बाई चालवते, मग मी का नाही, एवढंच म्हणते. तिथली परीक्षा अवघड. चार पिंपं उभी करतात आणि त्यांच्यामधून गाडी उलटी घ्यायला लावतात. पिंपाला धक्का लागला की नापास. रेश्मा दोनदा नापास झाली. मग इमारतीमागच्या मोकळ्या जागेत हरेशनं रंगाचे रिकामे डबे मांडून दिले आणि रोज ड्यूटीवरून आल्यावर अर्धा तास तो डब्यांजवळ उभा राहायचा. डबा पडला की ओरडायचा, गेलं पिंप, चल घरी. मार्चमध्ये ती पास झाली. त्या दिवशी हरेशनं तिला मिठी मारली, भर रस्त्यात, त्या देशात.

एप्रिल आणि मे हे दोन महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले, असं ती घरी आल्यावर सगळ्यांना सांगत होती. एरवी शुक्रवारी दुपारी झोपणारा हरेश तिला दर आठवड्याला कुठंतरी न्यायचा. होडीतून डॉल्फिन दाखवले. डोंगरातल्या किल्ल्यावर नेलं, खजुराच्या वाडीतल्या गार पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसवलं. गाडी तीच चालवायची. तो बाजूला बसून तिचे फोटो काढायचा, स्टिअरिंग धरलेले. ते फोटो ती इथं बारकीकाकूलासुद्धा दाखवून झाली होती.

मेच्या शेवटी त्यानं तिचं तिथं राहायच्या परवान्याचं कार्ड मागून घेतलं. मुदत संपतेय, नवं करायला देतो, म्हणाला. तिनं पर्समधून काढून दिलं.

तर ते तिकीट. हरेशनं शेवटी फोन काढला. रेंजही आली. अठ्ठावीस तारखेच्या तिकिटावर एकच नाव होतं.

“माझं वेगळं काढलंय?” रेश्मानं विचारलं.

आत भाकरीचा आवाज पूर्ण थांबला.

“आणि कार्ड?”

“ते… बंद केलं. निघायच्या आधी करायला लागतं.”

त्यानंतर तो बोलायला लागला, तो थांबेचना. कंपनीनं त्याला आतल्या भागात टाकलंय, शहरापासून सहा तासांवर, वाळवंटात. कॅम्पमध्ये राहायचं, एका खोलीत चार माणसं, तिथं बायका अलाउड नाहीत. तो काय करणार. दोनच वर्षांचा प्रश्न आहे. इथं आईचे गुडघे, प्रज्वलची शिफ्ट, घराला कुणीतरी हवं. रेश्मानं सगळं ऐकून घेतलं. तिला कीव यायला लागली होती, हे तिनं नंतर स्वतः सांगितलं. चार माणसं एका खोलीत, आणि ह्याला तर उशी बदलली तरी झोप येत नाही.

“मग सांगायचं ना,” ती म्हणाली. “कवा कळलं तुमाला?”

“मार्चमधे.”

“मार्चमधे कवा?”

तो भाताची ढेकळं फोडत राहिला. “तुझ्या टेस्टच्या आधी.”

रेश्मा चौकटीपासून सुटी झाली आणि खाली जमिनीवर बसली. एप्रिल, मे. डॉल्फिन, किल्ला, पाटाचं पाणी. ती एकेक शुक्रवार मनात उलटा घेत गेली.

“मला वाटलं, शेवटचे दोन महिने तरी तुझे मजेत जाऊ दे,” हरेश म्हणाला. “सांगितलं असतं तर रडत बसली असतीस. आमी ठरवलं, इथं आल्यावर सांगू, आरामात.”

“आमी?”

“म्हंजे…”

“आमी म्हंजे कोण?”

आपण ठरवलं, असं तो म्हणाला असता तर तेही खोटंच झालं असतं. पण जिभेवर खरं तेच आलं होतं. आमी: तो, आतली आई, गोडाऊनला जाणारा भाऊ. ती त्या शब्दाच्या बाहेर बसली होती, ओटीवर, त्याच्या ताटासमोर.

हौसा पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. तिला वाटलं मिटवावं. तिनं सांगितलं की पोराचा काही दोष नाही, त्यानं फोन करून विचारलं, तीच म्हणाली की घे, फोरमनची जागा रोज चालून येत नाही. बायको काय, दोन वर्षं सासरी राहिली तर झिजते का. हे सगळं तिनं मायेनंच सांगितलं. मिटवायला आली आणि झाकण काढून बसली.

“फोरमन?” रेश्मा म्हणाली.

हरेशनं आईकडे असं पाहिलं की हौसा पिठाचे हात पदराला पुसायला लागली.

“कंपनीनं टाकलंय म्हणत होतास ना?” रेश्माच्या तोंडात ‘तू’ आलं होतं, सासूच्या समोर. हौसाच्या कपाळाला आठी पडली. “टाकलंय का विचारलंय?”

“विचारलं,” हरेश म्हणाला. “हाय तिथं मेकॅनिक राहा, नायतर कॅम्पला फोरमन. मी कॅम्प घेतला. माझ्या जागी कोण सोडील? अकरा वर्षं पाना फिरवतोय मी. पोरं येतात मागून, साहेब होतात.”

“मी कुठं सोड म्हणले? कंपनीनं तुला विचारलं. तू आईला विचारलंस, प्रज्वलला विचारलंस. मला काय विचारलंस? की आज कुठं फिरायला जायचं.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “म्हसा गावच्या जत्रेत बकरा नेतात ना, त्याला आदल्या दिवशी कवळा पाला घालतात. तसं फिरवलंस मला दोन महिने. आणि गाडी माझ्याकडूनच चालवून घेतलीस.”

हरेशनं ताट बाजूला सारलं. तिला ते तसं वाटावं याचं त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. तो म्हणाला की ते शुक्रवार खोटे नव्हते. ती म्हणाली, नसतील. माझे तर नव्हतेच.

गाय एकदा हंबरली. पलीकडे बारकीकाकूनं तिला उगाच हळू आवाजात दटावलं, म्हणजे तीही कुंपणापाशीच होती.

“साहेबाला अजून नाय म्हणता येतं का?” रेश्मानं विचारलं.

“काय?”

“कॅम्पला. अजून नाय म्हणता येतं का?”

खोटं बोलावं की खरं, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसला. “पंचवीसपर्यंत येतं. मग कागद पुढं जातात.”

“आज अठरा. गुरुवार. ऑफिस चालू हाय.” ती उठली, त्याचा फोन उचलला आणि त्याच्या पुढ्यात धरला. “लाव. सांग, हाय तिथंच राहतो. माझं कार्ड नवीन निघतं, केरळच्या बाईचं निघालं होतं. मी पुढच्या महिन्यात येईन, एकटी येईन, विमानतळावरून आपली मी येईन. लाव फोन.”

“आणि मी दिलेला शब्द?” हौसा म्हणाली. “सहा दिवस दिलेत मी. आळीत तोंड कसं दाखवू?”

“आई, शब्द तुमचा होता. हात माझे होते.” तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. फोन तसाच पुढं धरलेला. “हरेश. लावतोस का नाय?”

बाहेर प्रज्वलची बाइक येऊन थांबली होती. त्याला दुसऱ्या पाळीला आटगावला जायचं होतं आणि हरेश त्याच्यासोबत स्टेशनपर्यंत जाणार होता, काहीतरी सामान आणायचं होतं. प्रज्वलनं ओटीवरचा देखावा पाहिला, हॉर्नवरचा अंगठा काढून घेतला आणि पुढच्या चाकाकडे बघत बसला.

हरेशनं उष्टा हात तांब्यातल्या पाण्यानं अंगणाच्या कडेला धुतला, नीट, एकेक बोट. खुंटीवरचा शर्ट काढून घातला. फोन तिच्या हातातून घेतला. स्क्रीनकडे पाहिलं, साहेबाचा नंबर तिनं काढूनच ठेवला होता. फोन न लावताच त्यानं वरच्या खिशात टाकला, चपला पायात सरकवल्या आणि भावाच्या मागं जाऊन बसला. बाइक वळली आणि रस्त्याला लागली.