जागा तुमनी, झाड मनं

माझ्या मामेसासऱ्यांइतका छळ मला सुरत शहरात दुसऱ्या कोणीही केलेला नाही. मी डिंडोलीतल्या मराठी शाळेत पंचवीस वर्षं आठवीला व्याकरण शिकवतो आहे, तेव्हा छळ कशाला म्हणतात ते मला कळतं. माणूस तसा सालस. व्यसन नाही, कोणाशी वैर नाही. खानदेशातून पोटापाण्यासाठी आले, चाळीस वर्षं लूमवर फिटर होते, आणि बिघडलेल्या यंत्राला नुसता कान लावून त्याचं दुखणं सांगायचे. पण मधली साडेतीन वर्षं मालकाने त्यांना यंत्रं बसवायला इंडोनेशियाला पाठवलं, आणि तिथून मामा परत आले ते अर्धेच. उरलेले अर्धे अजून तिथल्या समुद्रकाठच्या एका खेड्यात भाताच्या बांधावर बसून आहेत.

कारखान्याजवळ खोली मिळाली नाही म्हणून तिथे ते एका विधवा शेतकरणीच्या घरी राहत. तिला सगळं गाव इबू म्हणे, म्हणजे आई, म्हणून मामाही इबू म्हणत. आता आमच्याकडे कशाचाही विषय काढा, मामा तो त्या गावात नेऊन सोडतात. गल्लीत पाणी तुंबलं, की इबूच्या शेतात पाटाचं पाणी कसं पाळीने फिरायचं ते ऐका. हिची भाजी करपली, की इबू भुईमूग कसा भाजायची ते ऐका. एकदा माझा ताप एकशे तीनवर गेला होता, तर हे उशाशी बसून खारं पाणी शेतात शिरलं की भात कसा पिवळा पडतो ते सांगत होते. मी डोळे मिटून घेतले, तर म्हणाले, "झोपा जवाईबापू, मी सांगस तुम्ही आयका."

तिथली एक रीत तर त्यांनी जशीच्या तशी सुरतेत आणली. दुसऱ्याच्या अंगणातून जाताना तिथे 'नुम्पांग' म्हणायचं असतं. म्हणजे तुमच्या जागेचा जरा आसरा घेतो. अंगणापुरतं ठीक होतं. मामा हे शेअर रिक्षात चढताना म्हणतात, रेशनच्या रांगेत म्हणतात, बँकेत दुसऱ्याशेजारी बाकावर टेकताना म्हणतात. आमच्या समोरच्या गुजराती काकांनी मला एक दिवस बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, आ शेनो पंप मागे छे?" म्हणजे, हे कसला पंप मागतात? मी त्यांना समजावता समजावता शाळेला उशीर केला.

पण माझ्या मुळावर आली ती दुसरी रीत. त्या गावात जागा एकाची आणि तिच्यावरचं झाड दुसऱ्याचं असू शकतं. ज्याने लावलं त्याचं झाड. मामांनी इबूच्या परसात समुद्राच्या बाजूला सात माड लावले होते, आणि गावाच्या हिशेबाने ते सात माड आजही मामांचे. कागद नाही, सातबारा नाही, पण गावाला ठाऊक आहे, तेवढं पुरे. परत आल्यावर एका रविवारी ते नारळाचं रोप घेऊन माझ्या दारात उभे राहिले आणि रो-हाऊसच्या पुढच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अठे लाऊ का?" मी पेपर तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "लावा की मामा, काय बिघडतंय." ते रोप लावून, हात धुऊन आत आले आणि गंभीरपणे म्हणाले, "आयका. जागा तुमनी, झाड मनं." मी हसलो. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाने षष्ठी विभक्तीला हसू नये.

झाड वाढलं आणि मामांचा कायदाही वाढला. तोडलेलं फळ निम्मं झाडवाल्याचं, निम्मं जागेवाल्याचं. पहिल्या वर्षी एकच नारळ धरला. तो मामांनी काढला, सोलला, टेपने मापला, खडूने मधोमध रेघ मारली आणि लूमचा लोखंडी गज कापायच्या करवतीने बरोबर दोन भाग केले. पाणी सगळं ओट्यावर सांडलं, आणि माझ्या वाट्याच्या खोबऱ्याला ऑइलचा वास होता. गळून पडलेलं फळ मात्र पूर्ण जागेवाल्याचं. हा नियम मला कळला तेव्हा नारळ माझ्या स्कूटरच्या हेडलाइटवर पडलेला होता. मी भरपाई मागितली, तर मामा म्हणाले की नारळ देठाला होता तोवर माझा, सुटला तेव्हा तुमचा, म्हणजे तुमच्या नारळाने तुमचा दिवा फोडला. मी दिवा बदलून आणला.

इथवर मी सहन केलं. मग आमच्या मुलीचा शिलाईचा क्लास सुरू झाला. स्वयंपाकघरात दोन मशिनी, सहा मुली, आणि हिने फोडणी दिली की सगळ्या खोकत अस्तर लावायला शिकतात. मुली वाढत होत्या, जागा वाढत नव्हती, दोघीजणी दारावरून परत गेल्या. पुढच्या कोपऱ्यात चार मशिनींची खोली काढायची ठरवली. मध्ये माड. मी मामांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "काढा की. पण झाडवाल्याला दुसरीकडे झाडापुरती जागा द्यावी लागते. तठे तसंच शे."

मी खरंच फिरलो हो. शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारलं, देवळाच्या विश्वस्तांना विचारलं, समोरच्या काकांना विचारलं. या शहरात कोणी आपल्या दारात दुसऱ्याची कुंडी ठेवू देत नाही, माड कोण लावू देईल? भेस्तानला एकाने जागा दाखवली, तीही गटाराच्या झाकणावर. संध्याकाळी मी घामाघूम होऊन घरी आलो तर मामा झाडाखाली बसून बुंध्याची सालपटं काढत होते. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "एवढी हौस आहे तर स्वतःच्या जागेत लावा ना झाड."

मामा उठले, चप्पल घातली आणि गेले. आत ही भांडी घासत होती, तिचे हात थांबले. "कोणती जागा?" तिने विचारलं. गावाकडचा वाटा त्यांनी कधीच भावांना लिहून दिला होता. सुरतेत कतारगामची चाळ, मग कामगारांच्या लाइनीतली खोली, मग आता मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्याने. मामी गेल्या त्याही भाड्याच्याच घरातून. हे मला माहीत होतं. पण चाळीस वर्षांत या माणसाने जमिनीला टेकेल असं काहीही स्वतःचं म्हटलं नव्हतं, माझ्या दारातल्या त्या एका झाडाशिवाय, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला फार लाज वाटली.

दोन दिवस मामा फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी गवंडी आला आणि त्याच्या मागोमाग मामा आले, हातात करवत. मला म्हणाले, "तोडून टाकू. पोरीला जागा पाहिजे." आणि बोलता बोलता मोबाइल पुढे केला. इबूच्या मुलाने व्हिडिओ पाठवला होता. समुद्र परसात शिरला होता. इबूचं घर उठवून आत, रस्त्याच्या पलीकडे नेलं होतं. भाताची खाचरं मिठाने पांढरी. सातांतले तीन माड गेले होते, चार कमरेएवढ्या पाण्यात उभे. तो मुलगा होडीतून त्यांच्यापर्यंत जात होता, नारळ काढत होता आणि कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी सांगत होता. "काय म्हणतो?" मी विचारलं. मामा म्हणाले, "म्हणतो, जमीन आमची होती, ती गेली. झाडं तुमची आहेत. तुमचा निम्मा वाटा गावात वाटला."

गवंडी दोरी बांधायला झाडाकडे निघाला. मी त्याला थांबवलं. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं, पण मुलगी टेप घेऊन बाहेर आली आणि तिने भिंतीपासून बुंध्यापर्यंत मापलं. "तीन मशिनी बसतील," ती म्हणाली. "चौथी बाहेर सावलीत ठेवू. काजं-बटणं करायला उजेड लागतोच."

खोली झाली. तिची एक भिंत झाडासाठी हातभर आत घेतली आहे, त्यामुळे कपाट तिरकं बसलंय, दार पूर्ण उघडत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात झावळी पडून नव्या पत्र्यांना पोचे आले. मी मामांना बोलावून ते पोचे दाखवले आणि चांगलं अर्धा तास सुनावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याशेजारी ओट्यावर बसले, गुडघा चोळत, आणि हळूच म्हणाले, "मी मरी गऊ म्हंजे झाड बी तुमनं, जागा बी तुमनी. मंग तुम्ही भांडशात कोनासंगे?"

मी उठून आत गेलो आणि हिला दोन चहा टाकायला सांगितलं. चहा होईपर्यंत मी बाहेर आलो नाही.