रविवारच्या नाश्त्याला कोण आलं नाही

मेपल सिरपचा वास आला की अमेरिकेतल्या मेन राज्याजवळचं ते छोटं बेट आठवतं. तिथे संशोधन करताना मी गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातही होतो. त्या रविवारी फायर स्टेशनातच पॅनकेकच्या नाश्त्याला सारं बेट जमलं होतं. एवढ्यात खिडकीतून पाइनच्या झाडांवर काळा धूर दिसला. आमच्या दलाच्या वयस्कर चीफबाईंनी टेबलांवरून नजर फिरवली. "कोण आलं नाहीये?" मग त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "माझा नवरा. ताप होता, झोपवून आले." ट्रक त्यांनीच चालवला. पोचलो तेव्हा त्यांच्या घराचं छप्पर कोसळलं होतं आणि नवरा अंगणात खोकत बसला होता. बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, आग पसरू नये म्हणून आधी शेजारच्या घरावर पाणी सुरू केलं, मग त्याच्याजवळ गेल्या. मला ते आजही जमणार नाही.