हनीफभाईंनी गाळलेलं नाव

जुन्नरच्या एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडे वळलं, की चपलांच्या दुकानाला खेटून एक दहा बाय आठची खोली लागते. पाटीवर 'नूर टायपिंग, डीटीपी, झेरॉक्स' असं लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात 'पीएच.डी. प्रबंध नियमाप्रमाणे करून मिळतील'. ती खालची ओळ वाचून कुणाला हसू आलं तर त्यानं खुशाल हसावं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतले निम्मे डॉक्टर, म्हणजे इंजेक्शन न देणारे, याच खोलीतून बाहेर पडलेत.

खोलीचे मालक महंमद हनीफ शेख. वय बावन्न, शिक्षण बारावी आणि टायपिंगच्या दोन परीक्षा. टाइपरायटरपासून सुरुवात केली, मग कॉम्प्युटर आला. आजवर एकोणीस प्रबंध त्यांच्या बोटांखालून गेलेत, निबंध तर किती ते त्यांनाही सांगता यायचं नाही. हिवाळा सरता सरता लग्नसराई आणि कॉन्फरन्सची सराई एकदमच येते. बाकावर एकीकडे पत्रिका छापायला आलेला नवरदेवाचा मामा बसलेला असतो, दुसरीकडे 'वसाहतोत्तर साहित्यातील अस्मिता' छातीशी धरून कुणी प्राध्यापक. भाई दोघांना सारखाच चहा देतात.

आता एवढं टाइप केल्यावर माणूस कोरडा कसा राहील? एकदा घोडेगावला शिकवणारे डुंबरे सर निबंध घेऊन बसले होते. भाईंनी मान वर न करता विचारलं, "सर, हे सबाल्टर्न सबाल्टर्न म्हंतात, ते नेमकं कोन?"

"ज्याचा आवाज कागदावर कुणी उतरवून घेत नाही, ज्याचं नाव कुठं येत नाही, तो," सर म्हणाले.

"म्हंजे टायपिस्ट का?"

सर पुढं आठवडाभर स्टाफरूममध्ये हे सांगत होते. पण भाईंनी ते निव्वळ गंमत म्हणून विचारलं नव्हतं. एकोणीस प्रबंधांच्या आरंभी एकोणीस ऋणनिर्देश आहेत. त्यांत मार्गदर्शक आहेत, ग्रंथपाल आहेत, सासूसासरे आहेत, एकात तर कुत्रासुद्धा आहे. हनीफभाई कुठंच नाहीत.

त्यांना खऱ्याखोट्याची पारखही दांडगी. मागं एका मॅडमना कुठल्याशा 'जागतिक' नियतकालिकाचं पत्र आलं. चार दिवसांत छापून देतो, विषय साहित्याचा चालेल, शेळीपालनाचा चालेल, फक्त आधी फी भरा. मॅडम हरखल्या होत्या. भाईंनी पत्र खालीवर बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, कुनी वाचनार न्हाई, कुनी दुरुस्ती सांगनार न्हाई, पैसे भरले की छापनार. असलं काम मी रोजच करतो. त्याला लग्नाची पत्रिका म्हंतात." मॅडम वाचल्या. भाईंचा दबदबा तेव्हापासून वाढला.

भाईंची एक खोड मात्र होती. एखाद्याच्या निबंधात वर्ष चुकलं, पानाचा आकडा चुकला, लेखकाचं नाव उलटंसुलटं पडलं, तर ते विचारत बसत नसत. गुपचूप नीट करून टाकत. सगळ्या सरांना हे माहीत होतं आणि सगळे मनातून त्यावर विसंबून होते. अठ्ठावीस वर्षांत एकानंही तक्रार केली नाही, त्यामुळं आपण दुरुस्त केलेलं बरोबरच असतं, असं भाईंना वाटू लागलं होतं. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

भाईंची मुलगी महेक याच दुकानात वाढली. प्रबंधांच्या गठ्ठ्यांवर बसून तिनं बाराखडी गिरवली आणि पुढं इंग्रजीत एम.ए. केलं. माळशेज घाटाजवळच्या मढच्या शाळेत ती तासिकेवर शिकवत होती आणि पीएच.डी.साठी धडपडत होती. डुंबरे सरांनी तिला बेंगळुरूच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेची सूचना पाठवली. वसाहतोत्तर साहित्यावरची परिषद, निवडक निबंधांचं पुढं पुस्तक निघणार. "हे खरं आहे," भाईंनी सूचना तपासून निकाल दिला. "हितं वाचून नापास करत्यात."

विषय शोधायला महेक पुण्याच्या ग्रंथालयात जाऊन बसली. तिथं तिला एका इंग्रज अधिकाऱ्याचा जुना अहवाल मिळाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं, कारण अहवाल निघाला जुन्नरच्याच कागदाच्या धंद्याचा. जुन्नरात एके काळी हातकागद व्हायचा, दफ्तरंच्या दफ्तरं त्यावर लिहिली गेली. मग गिरणीचा स्वस्त कागद आला आणि कागदाच्या लगद्याचे हौद एकेक करून बंद पडले. साहेबानं सगळी रीत बारकाईनं लिहिली होती. लगदा कसा कुटतात, साच्यावर ताव कसा उचलतात, भिंतीवर कसा वाळवतात. शेवटी एक वाक्य होतं, की या कामात बायकांचा काही हात नसतो.

महेकनं ते घरी येऊन दादीला, म्हणजे हनीफभाईंच्या आईला, वाचून दाखवलं. जैबुन्निसा शहाऐंशीच्या. त्यांचं माहेर कागदी, म्हणजे कागद करणाऱ्या घराण्यातलं, आणि त्यांच्या लहानपणी त्यांच्या आजोबांचा हौद अजून चालू होता. त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली.

"त्या सायबाला घरात कोन घेनार व्हतं? त्यो बाहेर वट्यावर चा पिऊन गेला आसंल. आत आमी बाया घोटत बसायचो. खळ लावायची आन गुळगुळीत दगडानं घोट घोट घोटायचं, खांदं भरून येईस्तवर. घोटल्याबिगर कागूद लिवन्याजोगा व्हत न्हाई पोरी, शाई फुटती त्याच्यावर."

झालं. महेकला निबंध सापडला. साहेबाच्या एका वाक्यात किती बायका पुसल्या गेल्या, याचा तो निबंध होता, आणि तो सगळा दादीच्या सांगण्यावर उभा होता. तिनं चार रविवार दादीचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित केलं आणि पावसाळाभर राबून पंधरा पानं लिहिली.

पाठवायची शेवटची तारीख आली तेव्हा महेक मढला होती. तिथं ढग उतरले की मोबाइल नुसता घड्याळ बघायला उरतो. तिनं आदल्या दिवशीच फाइल वडिलांकडं दिली होती. "अब्बा, फक्त मार्जिन आणि पानांचे आकडे बघा आणि पाचच्या आत पाठवून द्या."

भाईंनी मार्जिन बघितलं, आकडे बघितले आणि शेवटच्या पानावर, संदर्भांच्या यादीवर आले. ही त्यांची आवडती जागा. लंडन, न्यूयॉर्क, दिल्ली, कोलकाता. आडनावांच्या क्रमानं एकाखाली एक लागलेले जाडजूड विद्वान. आणि त्यांच्या मधोमध इंग्रजीत, माहेरच्या आडनावानं, लिहिलेलं होतं, 'कागदी, जैबुन्निसा. प्रत्यक्ष मुलाखत. जुन्नर.'

भाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी असल्या याद्यांमधून हजारो नावं टाइप केली होती, त्यांत जुन्नरचं माणूस एकही नव्हतं. आणि ही तर अम्मी! आत्ता घरी चष्म्याच्या दांडीला दोरा बांधून बसलेली. लोक पोरीला हसतील, म्हणतील हिला आजीशिवाय कुणी मिळालं नाही. पिकतं तिथं विकत नाही, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? त्यांनी यादीतली ती ओळ काढली. आत अकरा ठिकाणी नाव होतं, तिथं 'एक वृद्ध स्त्री' असं घातलं. चार वाजून चाळीस मिनिटांनी निबंध गेला. पोरीची लाज राखली, या समाधानात त्यांनी एक जास्तीचा चहा मागवला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. महेक दुकानातच होती, डुंबरे सर प्रुफं तपासत बसले होते. तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि तिचा आवाज उतरत गेला. परीक्षकांनी लिहिलं होतं, की मांडणी धाडसी आहे, भाषा चांगली आहे, पण सगळा युक्तिवाद एका निनावी वृद्ध स्त्रीवर उभा आहे. ती कोण, तिला हे कसं माहीत, ती खरोखर आहे का? आहे त्या स्वरूपात निबंध घेता येणार नाही. दहा दिवसांत पुरावा आला तर विचार करू.

"निनावी?" महेक म्हणाली. "मी नाव दिलं होतं. अकरा वेळा दिलं होतं." तिनं पाठवलेली फाइल उघडली.

भाईंना खोटं बोलायला वाव होता. कॉम्प्युटरवर ढकललं असतं तर खपलं असतं. पण ते म्हणाले, "मी काढलं. त्या यादीत समदी मोठी मानसं असत्यात, बेटा. मला वाटलं तुला हसतील."

महेक ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "त्या साहेबानं एकदा काढलं अब्बा, आता तुम्ही काढलंत." आणि पर्स उचलून निघून गेली.

डुंबरे सरांनी प्रुफं मिटली आणि तेही गेले. भाईंना त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतःच्या बोटांची शरम वाटली. त्यांनी भरदुपारी शटर ओढलं आणि तडक घर गाठलं.

आईसमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं. जैबुन्निसांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या रागावतील किंवा 'जाऊ दे रे, माझं नाव कशाला' म्हणतील, अशी भाईंची अटकळ होती. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"माझं नाव काढलंस त्ये वंगाळच केलंस," त्या म्हणाल्या. "पर पोरीनं येकटीचं घातलं त्ये बी अर्धंच. मी व्हते दहा वर्साची. मी चार ताव घोटले आसतील. खरं घोटलं माझ्या आईनं, हमीदानं. रसूलबी फुफीनं. चांदबीनं, ती डावखुरी व्हती, तिचा हात लई साफ. मेहरूनं, जुलेखानं. लिवून घे. का रं, कागूद न्हाई का तुझ्याकडं?"

भाईंनी खिशातली चहावाल्याची चिठ्ठी काढली आणि तिच्या पाठीवर नावं लिहून घेतली. पाच बायका. एकीचंही नाव त्यांनी आयुष्यात कधी टाइप केलं नव्हतं. रसूलबी म्हणजे आपल्या आजोबांची बहीण, हेही त्यांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून त्यांनी महेकला हाक मारली आणि खुर्चीवरून उठून उभे राहिले. "तू टाइप कर. जसंच्या तसं. मी हात लावनार न्हाई." तिनं दादीचं नाव यादीत आणि आत अकरा ठिकाणी परत बसवलं, बाकीच्या बायकांची नावं घातली, ध्वनिमुद्रण जोडलं. ते झाल्यावर भाई म्हणाले, "आता सरक. येक पत्र माझं."

ते पत्र त्यांनी स्वतःच्या इंग्रजीत लिहिलं. परीक्षकांना कळवतो, की मूळ निबंधात माहिती देणाऱ्या बाईंचं नाव व पत्ता होता. तो मी गाळला. लेखिकेचा यात दोष नाही. त्या बाई हयात आहेत आणि माझ्या आई आहेत. अशा यादीत आपल्या घरचं माणूस बसू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. खाली नाव, आणि नावाखाली 'टंकलेखक, जुन्नर'. अठ्ठावीस वर्षांत हनीफभाईंनी सहीनिशी लिहिलेला हा पहिला मजकूर. महेकनं वाचला. एक क्रियापद चुकलं होतं, ते तिनं तसंच राहू दिलं, आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

निबंध स्वीकारला गेला. महेक बेंगळुरूला जाऊन वाचून आली. तिथं केनियाहून आलेल्या एका प्राध्यापिकेनं तिला जेवणाच्या रांगेत गाठून सांगितलं, "दादी आहे ना अजून? मग बाकीचंही लवकर विचारून घे." जुन्नरात डुंबरे सरांनी पेढे वाटले, जणू त्यांचीच पोरगी. भाई गिऱ्हाइकाला झेरॉक्स देतादेता सांगायचे, "बेंगळुरूला आमच्या पोरीचं झालं बरं का," आणि गिऱ्हाईक 'कुणाशी' विचारायचं. लग्नच झालं असं समजून दोघांनी अभिनंदनही केलं. भाईंनी तेही घेतलं.

वर्षभरानं पुस्तक आलं. जाड पुठ्ठ्याचं, सहाशे पानांचं. भाई ते कापडात गुंडाळून घरी घेऊन गेले आणि आईच्या शेजारी बसून यादीचं पान उघडलं. आईचं बोट धरून त्यांनी तिच्या नावावर ठेवलं. जैबुन्निसांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनी ओळीवरून बोट फिरवून बघितलं.

"हे वर कोन हाय?"

"लई मोठे प्रोफेसर हायेत, अम्मी. लंडनचे."

"आन खाली?"

"ते अमेरिकेचे. जगात नाव हाय त्यांचं."

जैबुन्निसांनी थोडा विचार केला. "मग त्यांनी कुठं घोटला कागूद?"

हनीफभाईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "न्हाई अम्मी," ते म्हणाले, "त्यांनी न्हाई घोटला. त्यांनी नुसतं लिवलं."

"आसू दे," जैबुन्निसा म्हणाल्या, "बसू दे त्यांना बी."