दहापैकी तीन

आमच्या आत्याला अख्खी गल्ली 'हायकोर्ट' म्हणते, कारण तिने एकदा निकाल दिला की पुढे अपील नाही. तिच्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत एक मशीन, कापड बेतायचं मोठं टेबल आणि कोपऱ्यात टीव्ही. संध्याकाळी साडेसातची मालिका लागली की कात्री खाली. भाग संपला की मापाच्या खडूने ती टेबलावरच दहापैकी गुण लिहिते. सहाच्या वर आजवर कुणी गेलेलं नाही. आणि गुण कापायची कारणं तरी काय एकेक! "दिवसभर उशीत तोंड खुपसून रडली म्हणे, आणि बाहीला एक सुरकुती नाही? चार बस झाले."

त्याच मालिकेत मला संवाद लिहायचं काम मिळालं, तर म्हणते कशी, "घरची म्हणून वाढवून देणार नाही हं." मी अशी तापले! भाची कुणाची?

मग एक पूर्ण भाग एकटीने लिहायची संधी आली आणि मी तिला न विचारता एक उद्योग करून ठेवला. बावीस वर्षांपूर्वी काका, म्हणजे आत्याचा नवरा, "जरा जाऊन येतो" म्हणून घराबाहेर पडले ते आलेच नाहीत. भांडण नाही, चिठ्ठी नाही. त्या दिवशी आत्या त्यांचाच शर्ट शिवत होती. आमच्या घरात हा विषय कुणी काढत नाही. मी तो सरळ मालिकेत घातला. माझ्या भागात नवरा परत येतो, बायको तो जुना शर्ट त्याच्या अंगात घालते आणि तो त्याला अगदी बरोब्बर बसतो. लिहिताना मलाच रडू आलं. वाटलं, आत्याला निदान टीव्हीत तरी तिचं माणूस परत मिळेल. आणि खोटं कशाला बोलू, मला तिच्याकडून आठ गुण हवे होते.

भाग लागला तेव्हा मी टीव्हीकडे बघितलंच नाही, तिच्या तोंडाकडे बघत बसले. ती हलली नाही. भाग संपल्यावर तिने खडू उचलला आणि लिहिलं, तीन.

"तीन?" माझं डोकंच फिरलं. "अगं, सगळं ऑफिस रडलं! तुझं न विचारता घेतलं, म्हणून राग काढतेस ना?"

"विचारायला हवं होतंस," ती म्हणाली. "पण गुण त्याचे नाही कापले. थांब."

तिने कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक निळा शर्ट काढला आणि उलटा करून टेबलावर पसरला. दोन्ही बाजूंच्या शिवणींशेजारी सुईच्या जुन्या भोकांच्या ओळी होत्या, एकीला लागून दुसरी.

"चांगलंचुंगलं खाणारा माणूस. पन्नाशीनंतर पोट सुटणारच. म्हणून दरवर्षी बाजू उसवते, दोराभर सैल करते, परत शिवते. आणि तुझ्या मालिकेत बावीस वर्षांनी माप तेच? जरा तरी डोकं चालवायचंस गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटची शिवण मी बोटाने चाचपून पाहिली. ती कापडाच्या अगदी काठावर आली होती.

"आत्या, आता पुढच्या वर्षी काय करशील?"

"तेच बघतेय. आत कापड उरलं नाही." तिने शर्ट सुलटा केला आणि कॉलर सारखी करत बसली.

मी विचारलं, "मग हे तीन तरी कशाचे दिलेस?"

"दारातून आत येताना तो म्हणतो ना, 'जरा उशीर झाला'," आत्या म्हणाली. "अगदी तसंच म्हणेल तो. त्याचे तीन."