कुडव्याचं घर चिचगडला निघालं

घर चोरीला गेल्याची तक्रार माझ्या साऱ्या नोकरीत एकदाच आली, आणि ती मी अजून विसरलेलो नाही. आमचा भाग नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी गोंदियाला फौजदार होतो. कुडव्याचा एक किराणा दुकानदार ठाण्यात येऊन म्हणाला, आम्ही बाहेरगावी लग्नाला गेलो होतो, परत येऊन पाहतो तर शेजारच्या घराचं नुसतं जोतं उरलं आहे. ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या घराचा मालक, राइस मिलमध्ये हमाली करून थकलेला एकटा म्हातारा, तोही बेपत्ता होता.

स्टेशन आणि मिलांमुळे त्या सुमारास कुडव्याच्या जागेला भाव चढला होता. जागेपायी कोणी म्हाताऱ्याचं बरंवाईट केलं असेल, असा मला संशय. पंचनामा केला, जबाब घेतले. दुकानदाराच्या बायकोने सांगितलं की म्हाताऱ्याची बायको नुकतीच वारली. आजारपणात ती दिवसभर दारातल्या खांबाला टेकून रस्त्याकडे बघत बसायची. तिच्या केसांच्या तेलाचा डाग त्या खांबावर पडला होता.

लवकरच देवरीकडून खबर आली. चिचगडच्या वाटेवर जंगल नाक्याने जुन्या सागवानाच्या दोन बैलगाड्या अडवल्या होत्या, लाकूड नेण्याचा पास नव्हता. जाऊन पाहतो तर खांब, दार, कवेलू म्हणजे छपराची कौलं, सगळं घरच गाड्यांत, आणि गाडीच्या सावलीला आमचा बेपत्ता म्हातारा बसलेला.

नाकेदार माल जप्त करायच्या बेतात होता. मी विचारपूस सुरू केली. म्हातारा मूळचा चिचगडकडच्या जंगलातला. तिकडे घर विकायचं तर खांब-कवेलूंचा सौदा होतो, खालच्या जमिनीचा भाव कोणी विचारत नाही. गोंदियात नेमकं उलटं. मी त्याला समजावलं की बाबा, महागाची वस्तू मागे टाकून तू जुनी लाकडं घेऊन निघालास.

"जागा असन महाग, साहेब," तो म्हणाला. "पण बुढी ह्या खांबाले टेकून बसे. मरेपर्यंत म्हने, मले गावाले घेऊन चाल. मिलची हाजरी बुडन म्हनून नाही नेलं. आता नेऊन राहिलो."

मी खांब खाली उतरवायला लावले. एकावर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, तो काळपट डाग होता. माल जप्त झाला असता तर हा खांब सरकारी लिलावात गेला असता. मी नाकेदाराला दुकानदाराच्या बायकोचा जबाब वाचून दाखवला, घर म्हाताऱ्याचंच असल्याचं सहीनिशी लिहून दिलं आणि गाड्या सोडवल्या. कुडव्याची जागा अजून तुझ्याच नावावर आहे, तिचं काय करणार, असं मी विचारलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "ते कुठी जाते."

मुद्देमालापुढे किंमत लिहिण्यात माझी सारी नोकरी सरली. कुठल्या गावात घराला काय भाव, हे मी डोळे मिटून सांगत असे. माणूस घरातलं नेमकं काय उराशी धरून असतो, हे मला त्या नाक्यावर कळलं.

आता मीही एकटा आहे. नागपुरातल्या माझ्या घराला चांगला भाव आल्याचं दलाल सांगून जातात. पत्नी आमगावची, शेवटी तिलाही तिकडेच जायचं होतं. ती टेकून बसायची तिथे भिंतीवर तेलाचा डाग आहे, तो मी रंगाऱ्याला पुसू दिलेला नाही. त्या म्हाताऱ्यासारखं करावं असं फार वाटतं. पण माझं घर सिमेंटचं आहे, ते गाडीत भरता येत नाही.