गाडी कधी बंद पडते?

खडोलीहून सिल्वासाला येताना माझी गाडी चालता चालता बंद पडली, तेव्हा मागे आई बसली होती. चार वाजता तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. गाडी बंद पडण्याची महिन्यातली ही तिसरी वेळ. एका गॅरेजने बॅटरी बदलली होती, दुसऱ्याने पेट्रोलचा पंप.

समोरून येणारा एक मोटारसायकलवाला थांबला. अंगात कारखान्याचा निळा गणवेश, बोली खानदेशी. बॉनेट उघडण्याआधी त्याने विचारलं, "भाऊ, गाडी कधी बंद पडते?"

"बरीच चालली की बंद पडते. अर्धा तास थांबलं की सुरू होते. बॅटरी, पंप दोन्ही बदलून झालं."

मला चावी फिरवायला लावून त्याने मागच्या सीटला कान लावला; पेट्रोलचा पंप तिच्या खालीच असतो. "पंप बोलतोय, तो चांगला आहे." मग इंजिनात खोल हात घालून एक लहानसा सेन्सर दाखवला. "हा तापला की मरतो, थंड झाला की जगतो. सगळ्यांनी बदललं, इचारलं कोणीच नाही."

मी स्वतः इंजिनिअर. मलाही तो प्रश्न सुचला नव्हता.

आईच्या बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवून त्याने सेन्सरवर धरला. चटके बसत होते, पण हात काढला नाही. तिसऱ्यांदा रुमाल भिजवल्यावर गाडी सुरू झाली.

"माय, चला आता. भाऊ, पोचेपर्यंत बंद करू नका."

त्याची शिफ्ट खडोलीत होती आणि उशीर झालाच होता. तरी त्याने मोटारसायकल आमच्या मागे वळवली. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत तो आरशात दिसत राहिला. आईला उतरवून मी आभार मानायला वळलो, तोवर तो खडोलीच्या रस्त्याला लागला होता.