दर्या दाखवायला निघालो तेव्हा

कारळाच्या चटणीचा वास आला की लग्नानंतरचा पहिला हिवाळा आठवतो. मित्राची फटफटी मागून आणली आणि नव्या बायकोला ताडकळसहून थेट कोकणात, दर्या दाखवायला निघालो. मांडीवरचं गाठोडं ती सोडेना, आणि जिथं थांबू तिथल्या बायकांच्या कानाशी लागून काहीतरी विचारी. घाटात धुकं, खाली दरी, तरी तिनं घट्ट धरलं ते गाठोडं, मला नाही. ही माहेरी पळणार, याची मला खात्रीच झाली. किनाऱ्यावर ती लाटांत उतरताच मी गाठ सोडली, तर आत कडक भाकऱ्यांची चळत आणि चटणी! “इतक्या कशाला?” मी ओरडलो. “तुमी सोताच्या लग्नाचं वऱ्हाड दुसऱ्याच गावात नेलतं,” ती पाण्यातूनच म्हणाली, “दर्या सापडंस्तोर उपाशी मरायचं व्हय? रस्तासुदिक मीच इचारत आले.” आता ती उघड विचारते, मी नुसतं हँडल धरतो.